दीड वितीचा ट्रंपेट

४ जानेवारी, रविवार

हर्षदने आज मला ट्रंपेट आणून दिला. दीड वितीचा! जत्रेतल्या पिपाणीपेक्षा जरा मोठा. पिकोलो म्हणतात म्हणे त्याला. खास मुंबईहून मागवला. "काका, ह्यो तुमच्यासाठी. मोठा आता मी वाजवीन."

मोठा आता मी वाजवीन. इतकं सहज बोलला की मी चहा पीतच राहिलो. कप खाली ठेवल्यावर डोक्यात शिरलं.

हर्षद माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. बँड तोच चालवतो. दादा गेले तेव्हा सहा वर्षांचा होता. शिमग्याला देवीची पालखी सहाणेवरून, म्हणजे ती टेकवायच्या दगडावरून उठते, तेव्हा पहिली चाल वाजवायचा मान थोरल्या घराचा, म्हणजे दादांचा. ते गेल्यावर गावकीने तो माझ्याकडे दिला—पोरगा हाताशी येईपर्यंत. चोवीस वर्षं मी वाजवतोय. गेल्या वैशाखात हर्षदचं लग्न झालं. आमच्याकडे थोरल्या घरचा मुलगा बोहल्यावरून उतरला की मान परत मागू शकतो. अजून मागितलेला नाही. तोंडाने नाही.

तीस वर्षं गावोगाव टपाल वाटलंय मी. पाकीट हातात आलं की आतला मजकूर ओळखायचो. पाणी कुठेतरी मुरतंय.

६ जानेवारी

वाजवून पाहिला. माऊथपीस एवढंसं की ओठांत हरवतं. बटणं चार. मला तिनाची सवय. चौथ्यावर करंगळी ठेवायची, आणि माझ्या करंगळीने कान खाजवण्यापलीकडे आजवर काही काम केलेलं नाही. आवाज निघाला तो करडाच्या ओरडण्यासारखा. नूतन चुलीपुढे होती, तिथूनच म्हणाली, "काय मारताय काय त्याला?"

मग जिद्दीने छाती भरून श्वास घेतला आणि लांब सूर धरला. डोळ्यांपुढे काजवे! ओट्यावर बसलो. नूतनने पाणी आणून दिलं, विचारलं काहीच नाही. बायको विचारत नाही म्हणजे तिला काहीतरी ठाऊक आहे.

७ जानेवारी

ओठ सुजलेत. हात लावला नाही.

११ जानेवारी

डिसेंबरातली बोर्लीची हळद सारखी आठवते. वरचा सूर लांबवताना माझा दम मध्येच तुटला. हर्षदने तिथूनच सूर उचलला. नाचणाऱ्यांना कळलंसुद्धा नाही. तेव्हा वाटलं, पोराने सांभाळून घेतलं. आता वाटतं, चव घेऊन पाहिली.

दमाचं मी कुणाला सांगितलेलं नाही. श्रीवर्धनचे डॉक्टर सोडून. ते म्हणाले, मोठं वाद्य कमी करा. मी हो म्हटलं आणि बँडच्या खोलीवर तालमीला गेलो. डॉक्टर बोलले तेव्हा नूतन दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसली होती. दार नीट लागलं होतं ना?

१६ जानेवारी

आता खाडीच्या बांधावर जाऊन वाजवतो. तिथे बगळे सोडले तर कुणी नाही. बोटं जुनीच पडतात, पण सूर एक सप्तक वर जाऊन बसतो. आपल्याच घरात शिरावं आणि माळ्यावर निघावं, तसं होतं. जरा ओठ आवळले की सूर चढतो, सोडले की पडतो. मोठा ट्रंपेट चुका पोटात घालतो. हा चहाडखोर आहे.

१९ जानेवारी

हर्षद घरी येऊन बसला. इकडचं तिकडचं बोलला. मग जाता जाता—

"काका, याला हवा थोडीच लागते. वापरलेली आत साठून ऱ्हाते, म्हणून गरगरतं. आदी श्वास सोडा, मग थोडा घ्या."

मला गरगरतं हे याला कुणी सांगितलं?

आणि सल्ला तरी काय! वाजवायच्या आधी छाती रिकामी करा. चाळीस वर्षं फुंकतोय मी. उद्या म्हणेल ओठ घरी ठेवून या. भर मांडवात माझं हसं व्हावं, म्हातारा गप बसावा, असा बेत दिसतो. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

२० जानेवारी

छाती रिकामी करणार नाही.

२४ जानेवारी

केली. बांधावर, कुणी नसताना. सगळा श्वास सोडला, मग ओंजळभर घेतला आणि चाल सुरू केली. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. वरचा सूर धरला—धरला—धरूनच ठेवला! काजवे नाहीत, काही नाही. इतके महिने मला वाटत होतं की दम संपलाय. बांधावर एकटाच बसून रडलो. आनंदाने रडलो, लिहायला कसली लाज.

हर्षदला सांगणार नाही.

२ फेब्रुवारी

दिघीच्या धक्क्यावर गेलो होतो. आगरदांड्याची फेरीबोट लागायची होती. तिथे हर्षद आणि कोंडाजी टपरीशी उभे. कोंडाजी म्हणजे आमच्या गावकीचे अध्यक्ष. मानपानाचं रजिस्टर त्यांच्याकडे असतं. मला पाहिलं मात्र, हर्षदने एक कागद त्यांच्या हातात कोंबला.

"काय भागोजी, बारका जमतोय का न्हाय?" कोंडाजी.

"बघतोय," मी म्हटलं.

बारक्याबद्दल यांना काय पडलंय? आणि कागदावरचा मजकूर मला बंद पाकिटातूनही वाचता येतो. अर्ज आहे. शिमगा महिन्यावर आला, मान मागितलाय.

१० फेब्रुवारी

दिवेआगरला हळद. पहिल्यांदाच चारचौघांत छोटा वाजवला. सगळ्या बँडच्या वरून सूर वाडीभर फिरला. नवरीची आजी खुर्ची ओढून पुढे येऊन बसली. मागे वळलो तर हर्षद हसत होता. चांगला तोंडभर.

का हसला?

१५ फेब्रुवारी

खरं लिहितो. हे वाद्य मला आवडायला लागलंय. करंगळी आपसूक जागेवर जाते. म्हणूनच भीती वाढली. वाजवता येत नव्हतं तेव्हा मान गेला असता तर नशीब म्हटलं असतं. आता कसा देऊ? पालखी उठते, सगळा गाव श्वास धरून उभा असतो, आणि पहिला सूर माझा. वर्षभर मी त्या एका घटकेसाठी जगतो. नूतनलाही हे कधी सांगितलेलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

गावकीची बैठक झाली. कोंडाजींनी रजिस्टर उघडलं, चष्मा लावला. आता अर्ज वाचणार. मी आधीच उभा राहिलो.

"भागोजी, बस जरा. वाचू दे."

बसलो नाही. जे साठलं होतं ते सगळं बोललो. दादांच्या मागे याला मी वाढवला, ट्रंपेट धरायला मी शिकवला, आणि हा माझ्या हातात खेळणं देऊन मान लाटायला निघालाय. असल्या माणसाचा खांदा पालखीला लागू नये.

सगळे हर्षदकडे बघायला लागले. आमच्याकडे रीत अशी, की मानावरून आरोप झाला आणि माणसाने तो खोडला नाही, तर त्या शिमग्यात त्याने पालखीपासून लांब राहायचं. तो खोडेल असं मला वाटलं होतं. भांडायची तयारी करून गेलो होतो मी.

"काका बोलतात तसं," एवढंच म्हणाला. कोंडाजींना मानेनेच नको म्हणून खुणावलं, चपला घातल्या आणि निघून गेला.

कोंडाजींनी रजिस्टर न वाचताच मिटलं. मान माझ्याकडेच राहिला. जिंकलो.

२३ फेब्रुवारी

नूतन ताट वाढते आणि आत जाते.

२५ फेब्रुवारी

हर्षद आणि सूनबाई अमिषा सकाळच्या एसटीने पनवेलला गेले. नूतन रस्त्यापर्यंत पोचवायला गेली. मी पडवीतून पाहिलं. बरं झालं. चोराच्या मनात चांदणं, नाहीतर तोंड लपवून पळाला कशाला असता?

१ मार्च

शेवटी मीच विचारलं. "डॉक्टरांचं त्याला तू सांगितलंस?"

"व्हय, मीच. रडले त्याच्याफुडं. म्हटलं, मोठा फुंकून तुझे काका मरतील, आणि फुंकायचं बंद केलं तरी मरतील. काय ते बघ."

म्हणजे दोघं मिळून होते. मग त्याने मला समोर बसवून सरळ का नाही सांगितलं? मी ऐकलं नसतं म्हणून? नसतंच ऐकलं. पण म्हणून कागद कशाला द्यायचा? झोप येत नाही.

४ मार्च

उद्या पालखी. तयारी उत्तम. ओठ ठीक.

५ मार्च

पालखी उठली. चाल वाजवली, एकही सूर ढळला नाही. रिवाजाप्रमाणे पालखी आधी थोरल्या घरी गेली. दाराला कुलूप. शिमग्याला बंद दार आमच्या गावात मी कधी पाहिलं नव्हतं. कोंडाजींनी तिथेच मला बाजूला घेऊन रजिस्टरमधला कागद हातात दिला. हर्षदचं अक्षर: "थोरल्या घराचा पहिल्या चालीचा मान माझे काका भागोजी यांच्या नावे कायमचा लिहावा. माझा दावा नाही. बारक्या ट्रंपेटला गावकीने हरकत घेऊ नये." दारापुढे चाल वाजवायची असते. लोक थांबले होते. छातीत दम भरपूर होता. फुंकवलं नाही.