जोडे कुठे काढायचे

रविवार, ३ मार्च
झालं! उपदेश अंगाशी आला. एवढंच म्हणालो — बायबलात देवानं जळत्या झुडपापाशी मोशेला जोडे काढायला लावले, ही जागा पवित्र म्हणून, पण ती माती काही वेगळी नव्हती. मेंढरं तुडवून जायची तिला. त्या दिवशी त्याचं मन जागं होतं. पवित्रपण जागेत नाही, माणसाच्या जाणिवेत.

चर्चचे खजिनदार दारातच आडवे आले. "देवानं म्हटलं म्हणून ती पवित्र, पाळकसाहेब! मोशेला वाटलं म्हणून नाही. आणि वेदीचं काय? इतकी वर्षं मी नुसतं लाकूड पुसलं?"



सोमवार, ४ मार्च
थकलो.

बुधवार, ६ मार्च
चर्चच्या पंचांचा निरोप आला, रविवारी सभा. शब्द मागे घ्या, नाहीतर पद सोडा. पद गेलं की घरही गेलं — ते चर्चचंच.

बायको भांडी घासता घासता म्हणाली, "घ्या की मागे. तुम्हाला तरी कुठं काय जाणवतंय?"

खरंय. प्रार्थनेला बसतो तर डोक्यात नुसती पंख्याची घरघर. दुसऱ्यांना सांगतो ते स्वतःला शेवटचं कधी जाणवलं? आठवत नाही.

शुक्रवार, ८ मार्च
खजिनदारांची बायको दवाखान्यात. डॉक्टरांनी हात टेकलेत. जाणं भाग होतं. खजिनदार खिडकीशी, तोंड फिरवून. तीच पुटपुटली, "प्रार्थना करा."

तोंड उघडलं — शब्दच नाहीत! तेवढ्यात तिला उमासा आला. भांडं धरलं, कपाळ धरलं, मग तोंड पुसलं. पुन्हा उमासा, पुन्हा तेच. किती वेळ गेला कळलं नाही. खोलीत काहीतरी होतं. फिनेलच्या वासाइतकं खरं. नाव द्यायला धजत नाही.

"आमेन राहिलं की," ती म्हणाली. दोघंही हसलो. खजिनदारांनी वळून पाहिलं.

रविवार, १० मार्च
"मागे घेता?" नाही म्हणालो. शुक्रवारच्या आधी घेतलेही असते.

मला काढायला हात वर झाले. खजिनदारांचाही. महिनाअखेर घर रिकामं करायचं.

खजिनदार बाहेर पायरीशी थांबलेले. "मला पटलं तेच केलं. तुम्ही चुकलातच." मग माझी बाही धरली. "उद्या येताय ना? ती वाट बघते."

सोमवार, ११ मार्च
गेलो. खाट रिकामी. खजिनदार भिंतीला टेकून खाली फरशीवर बसलेले. थोडे सरकले, मला बसायला जागा केली.