वाटणी

बाबा,

दुसऱ्यांच्या गाड्यांत टेप-स्पीकर बसवून त्या गात्या करणाऱ्या आणि स्वतः सायकलवर घरी येणाऱ्या मिस्त्र्यांच्या आम्हा मुलामुलींची एक जुनी तक्रार आहे. आमच्या बापांच्या हाताचं कौतुक सगळ्यांनी केलं, पण त्यांच्या डोक्याला काही कळतं असं कुणी मानलं नाही. ही तक्रार मी आयुष्यभर व्यासपीठावरून मांडत आले. तुमच्यापुढे मांडताना मात्र जीभ अडखळते, कारण तसं न मानणाऱ्यांत एकदा मीही होते.

मला अजून दिसतं, सदर भागातल्या तुमच्या टिनाच्या शेडमधल्या दुकानासमोर एका डॉक्टरांची फियाट उभी आहे. तुम्ही मागच्या सीटवर डोळे मिटून बसला आहात, तीच कॅसेट चौथ्यांदा लावली आहे. गाडीच्या दारातल्या छोट्या स्पीकरमधून 'स'चा उच्चार कानाला टोचतो म्हणून तुम्ही त्याच्या जोडणीतला कंडेन्सर बदलता, पुन्हा ऐकता, मग ड्रायव्हरच्या जागेवर बसून ऐकता. जाड आवाज मागच्या मोठ्या स्पीकरकडे आणि बारीक आवाज छोट्याकडे वळवणाऱ्या त्या जोडणीला पुस्तकात क्रॉसओव्हर म्हणतात. तुम्ही 'वाटणी' म्हणायचात. मी कॉलेजात होते, वक्तृत्वाच्या ढाली जिंकत होते, समतेवरचं हाती लागेल ते वाचत होते. तुमचा डबा घेऊन आले आणि तो शब्द कानात खुपला.

"वाटणी कशाला, बाबा? दोघांना सारखाच आवाज द्या की."

"सारखा देला त छोटा जळून जाईन, माय. त्याले जाड आवाज झेपत नाई."

"म्हणजे लहानानं लहानाचंच काम करायचं? हेच ऐकवून आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवलं!"

तुम्ही हसलात. "अवं, स्पीकरले जात असते काय? जेवू दे आता मले."

महिन्याभरानं खापरखेड्याच्या कामगार वसाहतीत माझं पहिलं मोठं भाषण होतं. जीपवर स्पीकर तुम्हीच बसवले होते आणि आत अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणांवर हात ठेवून तुम्हीच बसला होतात. भाषण रंगलं. मला दाखला हवा होता. मी म्हणाले, "गुलामी कुठं राहते, ठाऊक आहे? माझ्या घरात राहते! माझा बाप म्हणतो, लहानाला लहानाचंच काम द्या!" वसाहत आधी हसली, मग टाळ्यांनी दणाणली. मी जीपकडे पाहिलं. एक बटण फिरवलं असतं तर माझा आवाज तिथंच मेला असता. तुम्ही बटण फिरवलंतही, टाळ्यांच्या वरून माझं पुढचं वाक्य जावं म्हणून. 'बाप' म्हणताना आवाज फाटत होता, तोही तुम्ही नीट करून दिलात.

परतताना तुम्ही एवढंच म्हणालात, "मागच्या लाइनीपर्यंत समजून राहिलं होतं सगळं. फक्त ओरडली का माइक जरा दूर धरत जाय."

तुमचं चूक आहे हे सिद्ध करायला मी त्याच आठवड्यात घरातला छोटा स्पीकर वाटणीशिवाय सरळ जोडला. एक गाणं संपायच्या आत जळका वास आला. तुम्ही काही न विचारता दुसरा बसवलात.

माणसांबद्दल त्या दिवशी मी जे बोलले त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. आजही तेच म्हणेन, आणखी मोठ्यानं म्हणेन. पण बाबा, तुम्ही माणसांबद्दल बोललाच नव्हतात. तुम्ही नाजूक वस्तूला जपायचं कसं ते सांगत होतात. तुमच्या तोंडी मी तुमच्या शत्रूचं वाक्य घातलं, आणि ते साऱ्या वसाहतीला स्वच्छ ऐकू जाईल याची काळजी तुम्ही घेतलीत.

हे पत्र वहीतच राहील. सभेत वाचलं तर लोक तुमच्यासाठी टाळ्या वाजवतील, आणि त्याही मीच घरी घेऊन येईन. खरं सांगते, त्या दिवशीच्या टाळ्या मला फार गोड लागल्या होत्या.

आता एवढंच करा, बाबा. रागवा माझ्यावर.