चारचौघांचं नाव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय गणवेश शिवणे (दोन वर्षांपासून बंद, डोळ्यांमुळे), माझ्या राहत्या घरी, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. वकीलबाईंनी आणलेल्या नमुन्यात "कोणाच्याही धाकाने वा भीतीपोटी नव्हे" असे शब्द होते. ते मी खोडायला लावले. धाक मला कोणी घातलेला नाही, पण भीती आहे. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, हे नुसतं लिहायचं असतं हो." मी म्हटलं, "मग खरं तेच लिहू."

संबंधितांची नावं आणि पत्ते त्यांनी सोबतच्या यादीत घातले आहेत. मजकुरात मी कोणाचंच नाव घेतलेलं नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या मालकीच्या दोन खोल्या व गॅलरी माझा धाकटा मुलगा आणि सून यांना समान हिश्शाने मिळाव्यात. सुनेचं नाव चुकून पडलेलं नाही. मोरीचा गळका नळ सात वर्षं मी बादली लावून सांभाळला, तो तिने एका दुपारी पाना घेऊन बंद केला.

कलम २. पायाने चालवायचं शिवणयंत्र सुनेला. ती शिवत नाही हे मला ठाऊक आहे. विकायचं तर विकावं, पण तेल घालून, पुसून विकावं. मोठी कात्रीही तिलाच. तिने कागद कापू नये, एवढंच मागणं.

कलम ३. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या मास्तरांना माझ्याकडून काहीही मिळू नये. त्यांच्याकडून उसनी आणलेली एक छत्री चौतीस वर्षं माझ्याकडे आहे. तीही परत करू नये. याचं कारण लिहिणं भाग आहे.

माझे यजमान छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द हाताखालून जायचे, त्यामुळे स्वतःच्या पहिल्या मुलासाठी त्यांना कोणाकडेच नसलेलं नाव हवं होतं. दोन महिने शोधून त्यांनी ते काढलं. "याला हाक मारली की दुसऱ्या कोणी वळून बघता कामा नये," असं ते म्हणायचे. तसंच झालं. शाळेत, गल्लीत, अख्ख्या गावात तो एकटाच त्या नावाचा. मलाही त्याचा ताठा होता, उगाच कशाला लपवू.

थोरला अठरा वर्षांचा असताना तो काम करायचा त्या कारखान्यात बॉयलर फुटून चार कामगार गेले. दोष कोणाचा, हे त्याने पत्रकात छापून वाटलं आणि खाली सही केली. चौथ्या दिवशी दुपारी साध्या कपड्यातली तीन माणसं गल्लीत आली. त्यांच्याकडे पत्ता नव्हता, फक्त नाव होतं. वरून मास्तर डोकावले आणि खडूने पांढरं झालेलं बोट त्यांनी खाली आमच्या गॅलरीकडे केलं. थोरला जेवत होता. "हात धुऊन येतो," म्हणाला. त्यांनी तेवढंही थांबू दिलं नाही. तो परत आला नाही. कुठल्याही कचेरीत विचारलं तर म्हणायचे, या नावाचा कोणी आमच्याकडे नाही. यजमान तीन वर्षांनी गेले. त्यांनी पुन्हा छापखान्यात पाऊल टाकलं नाही.

थोरल्याला नेलं तेव्हा मला सातवा महिना होता.

कलम ४. धाकट्याच्या जन्माचा दाखला लोखंडी कपाटात, माझ्या खणात आहे. तो त्याला द्यावा आणि हेही सांगावं. त्याची नोंद करायला मी एकटी गेले होते. खिडकीमागच्या कारकुनाला मी विचारलं, "गेल्या वर्षी सगळ्यात जास्त मुलग्यांचं नाव कोणतं ठेवलं?"

तो हसला. "कशाला, बाई? लोक तर वेगळं नाव शोधत येतात."

"मला जुनं हवंय. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं, चारचौघांचं."

त्याने रजिस्टरची पानं उलटली, बोट खाली खाली नेलं. "हे घ्या. हे इतक्यांदा लिहिलंय की आता माझा हात आपोआप वळतो."

"तेच लिहा."

नाव वाईट नव्हतं. पण मी ते आवडलं म्हणून ठेवलं नाही. मूल गर्दीत ठेवावं तसं मी त्याला त्या नावात ठेवलं. पहिलीच्या वर्गात त्याच नावाचे पाच निघाले. त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर जेवले.

कलम ५. हे कलम माझ्या मुलाला ठाऊक आहे आणि तरी आम्ही तेरा वर्षांत त्यावर एक शब्द बोललेलो नाही.

धाकटा विसाव्या वर्षी बस डेपोत मेकॅनिक म्हणून लागला. तिथले गणवेश मीच शिवायचे. डेपोत त्याच्या नावाचे चार जण होते. मेकॅनिक म्हणजे माझा मुलगा, एक ड्रायव्हर, एक तिकीट तपासनीस आणि एक बस धुणारा, ज्याला सगळे वॉशर म्हणायचे. त्या वर्षी ब्रेक न लागल्याने एक बस बाजारात घुसली आणि दोन बायका गेल्या. ब्रेक तपासल्याची खोटी नोंद कोणी केली, हे धाकट्याने वरच्या कचेरीला पत्राने कळवलं. खाली नुसतं नाव लिहिलं, आडनाव नाही. त्या पत्राचा कच्चा कागद त्याच्या खिशात मला सापडला, खिसा शिवताना. मी तो चुलीत घातला आणि त्याला काही बोलले नाही.

आठवड्याभराने मी गणवेशांचा गठ्ठा घेऊन डेपोत गेले होते. धाकटा खड्ड्यात, बसच्या पोटाखाली हातोडी चालवत होता. फाटकातून तीन माणसं आत आली. माणसं वेगळी, चाल तीच. त्यांनी सुपरवायझरला नाव सांगितलं. तो म्हणाला, "चार आहेत साहेब, कोणता हवाय?" तेवढ्यात नळी हातात धरलेला वॉशर मागे वळला. "ओ! काय काम आहे?"

मी गठ्ठा खड्ड्याच्या तोंडाशी ठेवला आणि त्याच्यावर बसले. खाली वाकून म्हटलं, "वर येऊ नकोस. गप्प." त्याला वाटलं बस हलणार आहे. वॉशरने नळी नीट गुंडाळून ठेवली, हात पुसले आणि गेला. मला ठाऊक होतं की त्यांना कोण हवंय. "हा नव्हे" एवढे दोनच शब्द होते. मी ते बोलले नाही.

घरी आल्यावर धाकट्याला कळलं. तो चपला घालायला लागला. मी दाराला पाठ लावून बसले. "तू गेलास तर दोघंही जाल," म्हटलं. हे खरं की खोटं, मला माहीत नव्हतं. दोन दिवस मी दार सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी तो खाली मान घालून कामावर गेला.

वॉशरची आई डेपोच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायची. मी दिसले की ओल्या हाताने माझा हात धरायची. "तुमचा सुखरूप आहे ना, ताई? एकाच नावाची पोरं, जीव लागतो हो." चौदा महिने मी तिच्या तोंडाकडे बघत "हो, बरा आहे" म्हणत राहिले. पंधराव्या महिन्यात तो परतला. डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही.

कलम ६. (हे कलम बुधवारी लिहिलं, शुक्रवारी रद्द केलं. वकीलबाईंनी नुसती रेघ मारली आहे, मजकूर वाचता येतो. तो तसाच राहू द्यावा.)

~~माझ्या नातवाचं नाव जुनं, सर्वांच्या तोंडी असलेलं असावं. धाकट्याचं वगळून अशी पाच नावं यादीत दिली आहेत. त्यांपैकी एक न ठेवल्यास कलम १ मधील घर मुलास व सुनेस मिळू नये.~~

हे लिहिण्याचं कारण असं. बाळ आठ दिवसांचं असताना धाकटा म्हणाला, "आई, दादाचं नाव ठेवतोय." माझ्या हातातली वाटी पडली. थोरल्याचं नाव या घरात चौतीस वर्षांत कोणी मोठ्याने उच्चारलेलं नव्हतं. मला गल्लीतून येणारी तीन माणसं दिसायला लागली. झोपलेल्या बाळाचं दुपटं मी गळ्यापर्यंत ओढून घेतलं. बुधवारी सुनेने कलम वाचलं आणि माझ्यासमोर कागद ठेवला. "आई, घराच्या बदल्यात नाव? हा मोठा होऊन हे वाचेल, लक्षात आहे ना?"

कलम ७. गुरुवारी वॉशर बाळाला बघायला आला. बायकोने विणलेलं टोपडं आणलं होतं. नेहमीसारखा उजवा कान माझ्याकडे करून बसला. "नाव काय ठरलं, मावशी?" त्याने विचारलं. "आमचं ठेवू नका म्हणजे झालं. डेपोत पाचवा झाला तर पगारपत्रकाचा चुथडा होईल."

तो हसला. मला हसता येईना. मी त्याला सगळं सांगितलं, पत्र, गठ्ठा, दोन शब्द. सून आतल्या दारात उभी होती. धाकटा खुर्चीत बसला होता, त्याने तोंड दोन्ही हातांनी झाकलं.

वॉशरने टोपड्याची दोरी बोटाभोवती गुंडाळली. मग म्हणाला, "मला माहीत होतं, मावशी. पहिल्याच दिवशी त्यांनी पत्र दाखवलं. अक्षर ओळखलं मी. डब्यावर नाव तोच लिहून द्यायचा मला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होतो की. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगून मोकळं व्हायचं. मग वाटायचं, सांगितलं आणि मला सोडलंच नाही तर? उगाच दोघं होऊ. घाबरलो होतो. तुमच्यासाठी वगैरे काही केलं नाही मी, असं समजू नका." टोपडं खाली ठेवत तो म्हणाला, "पण आईला सांगायला हवं होतं तुम्ही. ती रोज तुमचं नाव मायेने घ्यायची."

त्याची आई चार वर्षांपूर्वी गेली. याची भरपाई कुठल्याही कलमात बसत नाही.

नंतर तो आणि धाकटा खाली उतरले. गॅलरीतून मला दोघं विजेच्या खांबापाशी उभे दिसले. काय बोलले ते मी विचारलेलं नाही आणि कोणी विचारू नये.

कलम ८. शुक्रवारी सकाळी सुनेने माझ्या पाचांतलं पहिलंच नाव निवडलं. मी म्हटलं, "कलम रद्द केलंय मी. माझ्यासाठी नको."

"तुमच्यासाठी नाहीच," ती म्हणाली. "ओठांवर चांगलं बसतं. आणि त्याला रागावून हाक मारता येईल असं नाव आहे." धाकट्याने बाळाकडे बघून ते दोनदा म्हणून पाहिलं आणि मान हलवली.

मला हवं तेच झालं. तरी भीती गेलेली नाही, फक्त बदलली आहे. गर्दीतलं नाव घेऊन कोणी आलं, तर माझा नातू वाचेल आणि दुसऱ्या कोणाचा तरी जाईल. म्हणून मुलाला व सुनेला माझी सूचना अशी की, ते नाव विचारत माणसं आली, तर दाराला पाठ लावून बसू नये. दोघांनी बाहेर यावं, शेजाऱ्यांना बोलवावं आणि विचारावं की कोणता, कशासाठी, कागद कुठे आहे. मला हे जमलं नाही. जिला जमलं नाही तिने सांगू नये असं कोणी म्हटलं, तर ते बरोबरच आहे.

कलम ९. बाहेरची खोली वॉशरला द्यावी असं मी लिहायला घेतलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नसते. वॉशर म्हणाला, "मग खोली खोडा. सही करतो मी." मला वाटलं, तो राग धरून नाकारतोय. तसं असेलही. मी आग्रह केला नाही.

त्याने विचारलं, "पूर्ण नाव लिहू?" मी म्हटलं, "पूर्ण लिही. आडनावासकट."

हे शेवटचं वाक्य लिहिताना जिन्यावर पावलं वाजली. मी लिहायची थांबले. सुनेने बाळाला उचललं, धाकटा उठून दारापाशी गेला आणि त्याने दार उघडलं. पावलं वर निघून गेली. दार उघडंच आहे. मी सही करते.

लिहून देणार: (सही) गणवेश शिवणारी

आम्हा दोघांसमक्ष सही केली:
१. (सही) तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई
२. (सही, पूर्ण नावाने) वॉशर, बस डेपो

मसुदा करणार व अंमलबजावणी पाहणार: (सही) वकीलबाई

ठिकाण: राहतं घर, बाहेरची खोली
दिनांक: शुक्रवार, दुपारी चार. बाळाचा एकविसावा दिवस