हात हलका होतोय

४ फेब्रुवारी

आज पुन्हा. गॅरेजच्या मागच्या मोरीत. आधी थोबाडीत, मग बुक्की. माझीच, माझ्याच तोंडावर. ओठ फुटला.

कारण काय, तर एका गाडीचं दार! पोचा काढता काढता जास्त ठोकलं. जास्त ठोकलं की पत्रा ताणला जातो, सैल पडतो, मग बोट लावलं तरी डबडब वाजतो. इतकी वर्षं हातोडी धरतोय आणि ही नवशिक्याची चूक. पेंटर म्हणाला, "होतं रे. गरम करून बसवू." बस, एवढंच. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो गोड बोलला, म्हणून मोरीत जाऊन माझं मलाच द्यावं लागलं.

घरी सांगितलं, दार लागलं. बायको ओठाकडे बघत राहिली. सातवा सरत आलाय तिचा. "दार रोज तुलाच कसं लागतं?" मग हळूच, "हे बाळासमोर चालणार नाही. ते बघेल आणि शिकेल. परत झालं तर मी बहिणीकडे जाईन. आणि परत यायची नाही."

ती ओरडली असती तर मी एवढा घाबरलो नसतो.

७ फेब्रुवारी

तिनेच नंबर शोधून आणला. कुणी मॅडम आहेत, संमोहन करतात. माणसाचं स्वतःबद्दलचं मत सुधारतात म्हणे. माझं माझ्याबद्दलचं मत अगदी बरोबर आहे! पण जाणार. नाही गेलो तर ही जाईल.

वडिलांच्या, अण्णांच्या, कानावर गेलंच. पुढच्या खोलीत खुर्चीत बसून त्यांना सगळ्या घराचं ऐकू येतं. गुडघा गेलाय, कान शाबूत. खो खो हसले. "संमोहन? ह्या ठोंब्याला आणखी झोपवायचंय? हा जन्मल्यापासून झोपलेलाच आहे!"

मीसुद्धा हसलो. लाज वाटते, पण हसलो.

९ फेब्रुवारी

चपलांच्या दुकानावरची खोली. न्हाव्याकडे असते तशी मागे कलणारी खुर्ची. मॅडमना सर्दी झालेली, बोलता बोलता गोळी चघळतात. म्हटलं, ही काय मला झोपवणार!

पण आवाज चांगला आहे. डोळे मिटले. श्वास, खांदे, मान, सगळं सैल. मग म्हणाल्या, "आता उजवा हात हलका होतोय... आपोआप वर उठतोय... उठू द्या."

आणि खरंच उठायला लागला! मी उचलत नव्हतो. तो आपला आपण वर, वर... आणि मी डोकं खांद्यात घातलं, दुसरा हात कानावर घेतला. मग तोच उठलेला हात खाडकन माझ्या गालावर.

मॅडम उडाल्याच. गोळी घशात अडकली बहुतेक. मीच पाणी दिलं. सॉरी सॉरी म्हणत सुटलो.

म्हणाल्या, "लोकांना यात फार छान वाटतं. पिसासारखं." मी म्हटलं, "आमच्याकडे हात उठला की तो कुणाच्या तरी अंगावरच पडतो. रिकामा खाली येत नाही."

त्या बराच वेळ काही लिहीत बसल्या. मग म्हणाल्या, "चूक माझी. आधी विचारायला हवं होतं." चूक माझी! असं कुणी एवढ्या सहज म्हणतं?

१६ फेब्रुवारी

लिहायचं नव्हतं. पण पोटात ठेवलं तर फुटेल.

आज हात वर नाही. आज पायऱ्या. मनातल्या मनात उतरायच्या, खाली एक खोली, खोलीत लहानपणचा मी. "त्याच्याजवळ जा. जवळ घ्या त्याला."

होता तो. चड्डी ओली. समोर फुटलेला ग्लास. मला बघून हसला, खुळ्यासारखा. आणि माझं डोकं फिरलं. मी त्याला बडवला. कानाखाली, पाठीत, पडला तर लाथेने. कणीक तिंबावी तसा तिंबला. ओरडत होतो, "हसतोस? वर हसतोस?"

मॅडम लांबून विचारत होत्या, "काय होतंय?" मी म्हटलं, "मारतोय." "काय केलंय त्याने?" "ग्लास फोडला." "आणि?" "आणि काय आणि! बास की!"

डोळे उघडले तर शर्टाची कॉलर भिजलेली. अण्णांचा पट्टा आठवला. बक्कल कुठल्या बाजूला असायचं तेही. पण अण्णांचा राग आला नाही. त्या पोराचाच आला. अजून येतोय.

१७ फेब्रुवारी

एका बॉनेटचा आज जीवच घेतला. मालक धावत आले, "अरे पत्रा आहे, वैरी नाही!" हात शिवशिवत होता दिवसभर. मोरीपर्यंत गेलो. कडी लावली. कडी काढली. बाहेर आलो.

२३ फेब्रुवारी

मॅडमनी आज आधी नुसतंच विचारलं, पोचा कसा काढतात? मी सांगितलं. दोन हात लागतात. उजव्यात हातोडी. डाव्यात लोखंडाचा ठोकळा, तो पत्र्याच्या आतून टेकवून धरायचा. आतून आधार नसेल तर ठोकून ठोकून नुसता चुरगळतो पत्रा.

"मग आज डाव्या हाताशी बोलू," म्हणाल्या. मला वाटलं, झालं, ही बाई कामातून गेली.

पुन्हा पायऱ्या, पुन्हा तो. उजवा उठला, पडलाच. थांबला नाही. पण डावा त्याच्या पाठीवर होता. गरम पाठ. बरगड्या लागत होत्या. एका हाताने मारतोय आणि दुसऱ्याने धरलंय. असं कसं चालेल? शेवटी उजवाच कंटाळला.

२ मार्च

संपलं सगळं.

अण्णांच्या पेल्याला माझा धक्का लागला. दूध त्यांच्या मांडीवर. काठी बसली खांद्यावर. "आंधळ्या! बाप होणार म्हणे हा!" त्यांची काठी मी खाल्ली, चूपचाप. मग मागच्या खोलीत जाऊन भिंतीवर डोकं. पुन्हा. पुन्हा. भिंतीचा पोपडा निघाला. रक्त डोळ्यात उतरलं तेव्हा कळलं की ही दारात उभी आहे.

तिने बॅग भरली. मी म्हटलं, "फक्त आजच..." ती म्हणाली, "दार लागलं म्हण ना." आणि गेली. एका हातात बॅग, दुसरा पोटाखाली.

अण्णा म्हणाले, "येईल. जाते कुठे! आणि तुझं काय, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही."

तेव्हा पहिल्यांदा वाटलं, ह्यांचं नरडं दाबावं. दोन्ही हातांनी.

५ मार्च

घरात मी, अण्णा आणि काठी.

९ मार्च

मॅडमवर खेकसलो. "गेलं झक मारत तुमचं संमोहन! बायको गेली माझी!" मला वाटलं, हाकलून देतील. त्या नाक पुसत म्हणाल्या, "इतक्या दिवसांत पहिल्यांदा दुसऱ्या कुणावर ओरडलात. बसा."

बसलो. पायऱ्या. तो होता कोपऱ्यात. मी हात उचलला आणि तो धावून आला, मनगटाला कडकडून चावला! सोडेचना लेकाचा. आणि मला, काय सांगू, हसू फुटलं. खुर्चीत बसून, डोळे मिटून, मोठमोठ्याने. शाब्बास रे! चाव!

त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. उजवा. तो बिचकला, पण पळाला नाही. मी त्याला सांगितलं, ग्लास फुटतात. मॅडमनी सांगितलं नव्हतं असं बोलायला. आपोआप आलं.

१४ मार्च

ही आज आली. राहायला नाही, डॉक्टरचे रिपोर्ट घ्यायला. अण्णा पुढच्या खोलीत टपलेलेच. "आलीस? नवऱ्याला टाकून हिंडतेस, लाज नाही वाटत?" ती म्हणाली, "अण्णा, मला जाऊ द्या." वाटेत काठी आडवी. तिने काठी बाजूला सारली. अण्णा उठले आणि काठी उगारली. तिच्यावर! त्या पोटावर!

मध्ये कसा पोचलो ठाऊक नाही. काठी डाव्या हातात पकडली. पिरगाळली. अण्णा जोर लावत होते, शिव्या देत होते, थुंकी माझ्या तोंडावर. हिसकून घेतली, गुडघ्यावर मोडली. फटाक! ते खुर्चीवर कोसळले आणि माझा उजवा हात वर उठला. मी उचलला नाही. त्या दिवशी मॅडमच्या खुर्चीत उठला तसाच, आपला आपण, वर, वर.

आणि अण्णांनी डोकं खांद्यात घातलं. कोपर कानावर घेतलं. डोळे घट्ट मिटले.

हे माझं आहे! असं मी करतो!

किती वेळ हात तसाच वर होता कोण जाणे. मग खाली आला. रिकामा. कुणाच्याही अंगावर नाही. नुसता माझ्या बाजूला येऊन लोंबकळला, दुखत होता.

म्हटलं, "अण्णा, या घरात आता हात उठणार नाही. तुमचा नाही, माझाही नाही. माझ्यावरसुद्धा नाही." आवाज कापत होता, पण माझाच होता.

ही दारात थांबलेली. रिपोर्ट छातीशी. "उद्या येते," म्हणाली. "आज नको. उद्या."

१५ मार्च

आली!

१७ मार्च

प्रायमरचा डबा लवंडला आज. सगळी फरशी राखाडी. पेंटर माझ्याकडे बघतोय, मी डब्याकडे. म्हटलं, "सांडलं तर सांडलं. फडकं दे." पेंटर म्हणाला, "ताप-बिप नाही ना तुला?"

बाळाने हिला लाथ मारली. माझा हात तिथे ठेवून दाखवली. चांगली सणसणीत होती.

अण्णा त्या दिवसापासून कुणाशी बोलत नाहीत. ताट परत येतं, अर्धं.

१८ मार्च

सकाळी न्हाणीघरातून आवाज आला. चट्. चट्. मला माझाच आवाज वाटला. मी तर बाहेर उभा! दार ढकललं. अण्णा. स्टुलावर बसलेले, दोन्ही गाल लालभडक, हात पुन्हा वर.

मी तो पकडला. "सोड," म्हणाले. "लहानपणापासूनची सवय आहे."

सोडला नाही.