खतिजाला दाखवलेलं सलाला

२२ जुलै २००३, मंगळवार. वादी अदाई, मस्कत.

बसची तिकिटं आणली. रुवीत ही रांग. खरीफ, म्हणजे तिकडचा पावसाळा, लागला की सगळ्या मस्कतला सलाला आठवतं. कंपनीच्या स्टोअरमधला कुट्टी म्हणाला, "भाभीला एकदा सलाला दाखव, मग गावाचं नाव काढणार नाही ती." त्याच भरवशावर निघालोय.

खतिजाला गावाहून येऊन महिना होऊन गेला. व्हिजिट व्हिसावर आहे. कंपनीने यंदा कुठे मला फॅमिली स्टेटस दिलं, केस पांढरे झाल्यावर. सलालाहून आलो की तिचा पासपोर्ट कंपनीच्या पी.आर.ओ.कडे द्यायचा, म्हणजे ती इथं कायमची राहू शकते. तिला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा म्हणाली, "बघू."

हा मेंबर लोकांचा शब्द. आणि ती मेंबर आहे. ग्रामपंचायतीत बायकांची जागा आली, मोहल्ल्याने तिला उभं केलं. मला फोनवर कळलं, निवडून आल्यानंतर. मुबारक हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

२४ जुलै, गुरुवार.

दिवसभर बस. दोन्ही बाजूंना वाळू, मध्ये रस्ता. हैमाला थांबली तिथं जोहर-असर एकत्र पढलो, कसर, म्हणजे प्रवासातली आखूड नमाज.

ख. पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होती.
"इथं कोन रवतं?"
"कोणी नाही."
"मग रस्ता कोनासाठी केलानी?"
तेलासाठी म्हटलं. मान हलवली, पण पटलं नसावं.

थुमरैतनंतर घाट उतरायला लागला आणि एकदम धुकं. बारीक भुरभुर. डोंगर हिरवे. बसमधली माणसं उठून उभी राहिली. पुण्याचं एक कुटुंब होतं, त्यांनी व्हिडिओ कॅमेरा काढला, त्यांची मुलं इंग्रजीत ओरडत होती. मीही उठून उभा राहिलो. इतक्या वर्षांत दोनदाच बघितलंय. ख.कडे बघितलं. तिनं खिडकी लावून घेतली.
"सर्दी होईल तुमाला."
मग थोड्या वेळानं, "पडवी शाकारायची रायली. गळत असंल."

आज आणखी लिहायचं मन नाही.

२५ जुलै, शुक्रवार. सलाला.

इकबालकडे उतरलोय. आमच्या शेजारच्या गावचा, टेलर. खाली दुकान, वर दोन खोल्या. बायको नसीमा लग्न झाल्या झाल्या इथं आली, तेव्हापासून इथंच. मुलं आमच्याशी हिंदीत बोलतात, आपसात इंग्रजीत. त्यांच्या "दादी कैसी है?" या प्रश्नाला ख.ने कोकणीत उत्तर दिलं. मुलं नसीमाकडे बघत राहिली. तिनं हिंदीत करून सांगितलं.

जुमा झाल्यावर दहारीजला गेलो. रस्त्याच्या कडेला ओळीनं टपऱ्या, केळीचे घड, पपया, मागं माड. मी मनात किती दिवस ठरवलं होतं, तिला इथं उभी करायची आणि म्हणायचं, बघ, इथंही आपलंच आहे.

टपरीवरच्या बंगाल्यानं शहाळं सोलून दिलं. ख.ने एक घोट घेतला.
"जून हाय. नारळ व्हायला आला. ह्याला शहाळा म्हनत नाय." मग त्याला हिंदीत, "भैया, पेड़ पे कितना दिन रखा?"
बंगाली हसायला लागला. "भाभी, आप कोकन का?"
"तुला कसा कळला?"
"सब कोकनवाला मॅडम को पहला दिन इदर लाता है. सब मॅडम गुस्सा होता है."

म्हणजे मी एकटा नाही. आमच्यातला जो तो घरच्या बाईला वाळवंट ओलांडून माड दाखवायला आणतो. जिच्या परसात नारळ पडून कुजतात तिला.

रात्री जेवताना हे इकबालला सांगितलं. तो म्हणाला, "अरे मी पन हिला तिथंच नेली होती."
नसीमा ताटात वाढता वाढता म्हणाली, "मी पन रागावली होती. पन माझा परतीचा तिकीट नव्हता."
इकबाल मोठ्यानं हसला. बाकी कोणी नाही.

२६ जुलै, शनिवार.

हाफ्याचा बाजार. गल्लीभर ऊद जळतोय, डोळे चुरचुरतात. लोबान विकणाऱ्या बहुतेक बायका. काळी वस्त्रं, तोंडावर बुरखा, पुढ्यात ढीग. पांढरे खडे, पिवळे, हिरवट.

मी पुढं होऊन अरबीत बोलायला लागलो. एवढं तरी माझ्या हातात आहे म्हणून. म्हातारीनं मला हातानंच बाजूला हो म्हटलं आणि ख.ला समोर बसवलं. मग दोघींचं सुरू झालं. ही कोकणीत, ती अरबीत. ख. खडा उचलायची, नखानं दाबायची, वास घ्यायची. म्हातारी मान हलवायची, दुसरा द्यायची. एक तिच्या तोंडात घालून चावायला लावला. मध्येच दोघी माझ्याकडे बघून हसल्या. हसत राहिल्या.
"काय म्हणाली?"
"तुमाला नाय सांगायचा."
मी पिशवी धरून उभा.

खरेदी अशी: मशिदीला, माझ्या थोरल्या बहिणीला, शेजारच्या पाटणकरीणबाईंना, अंगणवाडीच्या बाईंना. पुड्या वेगळ्या बांधून घेतल्या, कोणती कुणाची ते तिच्या ध्यानात. मी विचारलं, "आणि आपल्या वादी अदाईच्या खोलीला?"
"तिथं एसी हाय. धूर जानार कुठं?"

दुपारी मलबारी हॉटेलात जेवलो. तिथं आत फॅमिलीसाठी पडद्याच्या खोल्या असतात. सव्वीस वर्षं मी अशा हॉटेलांत बाहेरच्या बाकावर जेवलोय आणि पडद्याआडून बांगड्यांचा, मुलांचा आवाज ऐकलाय. आज पहिल्यांदा आत. आत तेच रेक्झिन, तोच स्टीलचा जग. भिंतीवर हात पुसल्याचे डाग.

पोऱ्यानं पडदा ओढला. ख.ने परत सारला.
"असू दे," मी म्हटलं, "इथं पद्धत आहे."
"मी ग्रामसभेत बसते. सगळ्या गावासमोर. इथं सुरमई खाताना कोनाला लपायचा हाय?"
समोरच्या टेबलावरचे दोन ड्रायव्हर खाली मान घालून जेवायला लागले. सुरमई चांगली होती. चांगली म्हणाली. एवढंच आज चांगलं म्हणाली.

२७ जुलै, रविवार.

नबी अय्यूबची मजार. इकबालनं गाडी दिली त्याच्या ओळखीच्या ड्रायव्हरसकट. डोंगरावर धुकं इतकं की उंट अंगावर येईपर्यंत दिसत नाही. आत हिरवी चादर, शांत. सलाम केला, फातिहा पढलो. खूप वेळ बसावंसं वाटलं. सबर करणाऱ्यांत यांच्याएवढा कोण. माल गेला, मुलं गेली, अंगात किडे पडले, तोंडातून तक्रार नाही.

इथं तिला आणण्यात माझा हेतू होता, लपवत नाही. बाहेर येऊन ओल्या कठड्याजवळ उभे होतो. मी म्हटलं, "सगळे त्यांना सोडून गेले. बीबी रहीमा तेवढी गेली नाही. बायको होती म्हणून निभावलं."
ख. दुपट्टा नीट करत होती.
"नाय गेली," म्हणाली. "कारन तो घरात होता."

ड्रायव्हर चहा घेऊन आला. चहा घेतला. खाली उतरलो.

तिला टोमणा मारायचा नव्हता, आवाज तसा नव्हता. तसा असता तर मला उत्तर देता आलं असतं. माझी अम्मी चार वर्षं अंथरुणाला होती, सगळं हिनं केलं. मी मयतीलाही पोचलो नाही, तिकीट मिळालं तेव्हा तिसरा दिवस. हे ती कधी बोलली नाही. आजही नाही बोलली. मुलीचं लग्न मी केलं असं गाव म्हणतं. मी पैसे पाठवले. जावई बघायला घरोघरी हीच फिरली.

पण मी तिथं कुणासाठी नव्हतो? कुणाच्या चैनीसाठी इथं राहिलो? उन्हात स्टोअरच्या पत्र्याखाली पाइप मोजत? हे कोण विचारणार. तीही नाही, गावही नाही. कडू आहे, पण लिहून ठेवतो.

२८ जुलै, सोमवार.

सकाळपासून भुरभुर. मी आणि ख. दोघंच बाजारात. नसीमा म्हणाली होती कापडाच्या गल्लीत जा. ख. कापडाच्या दुकानांवरून सरळ पुढं गेली आणि हार्डवेअरच्या दुकानात शिरली.

पितळी नळ उचलून बघायला लागली. आमच्या मोहल्ल्यात नळपाण्याची लाईन येतेय, तिच्याच मेंबरकीत. मला म्हणाली, "तुमी ह्यातलेच ना? टाकीच्या तोंडाला कुठला व्हॉल्व लावायचा? ठेकेदार सांगतो स्वस्तातला बस होईल."

आणि मी बोलायला लागलो. गेट व्हॉल्व कुठं, बॉल व्हॉल्व कुठं, खारी हवा लागली की कुठलं लोखंड सडतं, नळाचा वायसर कशानं झिजतो. ती विचारत गेली. टाकी कुठं बांधतायत, उतार किती, विहिरीला मेपर्यंत पाणी टिकतं का. मीही विचारत गेलो. दुकानदार गुजराती, त्यानं स्टुलं दिली बसायला, चहा मागवला. बाहेर भुरभुर थांबली तरी आम्ही तिथंच. लग्न झाल्यापासून इतकं सलग आम्ही बोललो असू असं आठवत नाही. माझी रजा महिन्याची असायची, त्यात निम्मे दिवस पाहुण्यासारखे. अजूनही घरी गेलो की मला शोकेसातला कप काढतात. स्वतःच्या घरात शोकेसातला कप.

बाहेर पडल्यावर ती थांबली. "तुमीच का येत नाय?"
"कुठं?"
"घरी. असा मानूस पायजेल तिथं. ठेकेदार मना फसवतो, तुमाला नाय फसवनार. मी इथं आली तर घर बंद. तुमी आलाव तर घर उघडा."
"आणि माझी नोकरी?"
"स्टोअरला दुसरा भेटंल त्यांना."

सव्वीस वर्षांत मला कंपनीतसुद्धा कुणी हे तोंडावर बोललं नाही. अर्बाबही नाही, तो तर मालक. आणि खरं आहे. एक ओमानी पोरगा सहा महिन्यांपासून माझ्या हाताखाली काम शिकतोय. तो कशासाठी शिकतोय ते मला कळत नाही असं नाही.

मी म्हटलं, "बघू."
ती वळली. चालायला लागली.

३० जुलै, बुधवार. परत वादी अदाई.

काल रात्री उशिरा पोचलो. परतीच्या वाटेत ती झोपली, किंवा डोळे मिटून होती. माझ्या खांद्यावर डोकं येत होतं ते तिनं दोनदा सावरून घेतलं.

खोली उघडली तर कोंदट वास. एसी लावला. ख. दारात उभी राहून बघत होती. एक पलंग, एक खुर्ची, भिंतीला कॅलेंडर. सलालाला जायच्या आधीही हीच खोली होती. मलाच ती नवीन दिसली.

स्टोअरमध्ये कुट्टीनं विचारलं, "भाभी खूश?" हो म्हटलं.

३१ जुलै, गुरुवार.

पी.आर.ओ.चा फोन. शनिवारी सकाळी पासपोर्ट घेऊन या, व्हिजिट व्हिसाची मुदत संपत आली, मग तो फॅमिलीत बदलता येणार नाही. "यल्ला, जल्दी. बाद में मेरे को मत बोलना."

ख. स्वयंपाक करत होती, तिनं ऐकलं. मी म्हटलं, शनिवारी द्यायचाय. ती म्हणाली, "तुमी द्या म्हनालाव तर मी देईन. मी नाय म्हनत नाय." मग भाजी ढवळत राहिली. "पन तिला विचारून केला, असा लोकांना सांगू नका. तुमी ठरवलाव म्हना."

म्हणजे मी सांगितलं तर ती राहील. या खोलीत, खिडकीशी, नसीमासारखी. मेंबरकी जाईल, लाईन ठेकेदाराच्या मनासारखी होईल, घराला कुलूप लागेल. आणि मी इतकी वर्षं जे मागत आलो ते मला मिळेल.

आणि मी गेलो तर? गावात मी कोण? मेंबर असलेल्या बाईचा नवरा. अधूनमधून सेंट आणि ब्लँकेट घेऊन येणारा. पाठवायला काही उरलं नाही की माझ्याशी कोण काय बोलेल, हे मला माहीत नाही. भीती वाटते. पन्नाशीला आलेल्या माणसाला स्वतःच्या घराची भीती वाटते.

१ ऑगस्ट, शुक्रवार.

जुम्याला गेलो. इमामाच्या खुतब्यात लक्ष नव्हतं. संध्याकाळी समुद्राकाठी कॉर्निशवर जाऊ म्हटलं, ती म्हणाली पाय दुखतात. बसून राहिलो दोघं. टीव्हीवर काहीतरी चालू होतं.

२ ऑगस्ट, शनिवार.

पासपोर्ट द्यायचा दिवस. फजरला, पहाटेच्या नमाजाला, मशिदीत गेलो नाही. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा घरातच पढलो, ती मागं उभी राहिली. खोलीत दोघांना जागा पुरत नाही, पलंग सरकवला.

नमाज संपली, सलाम फिरवला. दुआला हात वर केले आणि काय मागावं ते सुचेना. ती राहू दे म्हणावं, तर तोंडाला येईना. मला जायची हिंमत दे म्हणावं, तर तीही खरी वाटेना. रोज इतकं मागतो, पाठ आहे सगळं. आज हात तसेच रिकामे धरले. थोड्या वेळानं तोंडावरून फिरवले आणि मागं वळून बघितलं.

तिचे हात अजून वर होते. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मी ऑफिसचे कपडे घातले, बूट घातले, खुर्चीत बसलो. कंपनीची बस खाली हॉर्न देत होती. तरी तिचं संपलं नव्हतं.