तुला खुनी केलं आहे

आई, तुला एका कादंबरीत खुनी केलं आहे, म्हणून लिहिते आहे. कादंबरी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची, ती आता धुळ्याला असते. जीवघेण्या हल्ल्यांतून वाचलेल्या तीन बायकांची गोष्ट आहे. त्यांच्यावर हल्ला करणारे पुरुष एकेक करून मारले जातात, संशय या तिघींवर फिरत राहतो, आणि शेवटी कळतं की खून त्यांच्यातल्या एकीची आई करत होती. घरातली विळी नाहीशी करणारी आई. विळीची गोष्ट मीच तिला कधीतरी सांगितली होती. म्हणून छापण्याआधी तिने हस्तलिखित पाठवलं आणि माझी परवानगी मागितली.

मी शिकत असताना वर्गातल्या त्या मुलाला नाही म्हटलं, आणि त्याने कॉलेजच्या फाटकाशी माझ्या हातावर कोयता चालवला. दवाखान्यातून घरी येते तर स्वयंपाकघरात विळी नाही. तू कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी सबंध भाजते आहेस, लाकडी बडगीने ठेचते आहेस. आज भरीत, उद्या उडदाची डाळ, परवा पुन्हा भरीत. कांदा बुक्कीने फोडायचा. आबा म्हणाले, "रोज भरीत? घरात लग्न काढलंय का कुणाचं?" तू वर न बघता म्हणालीस, "ईळी हरपी गयी." आबांनी माझ्या हाताच्या पट्टीकडे पाहिलं आणि भरीत आणखी वाढून घेतलं. मला पातं दिसू नये म्हणून तू हे करतेस, असं मी धरून चालले.

पुढे तो जामिनावर सुटला. मग तू रोज माझ्याबरोबर कॉलेजात येऊ लागलीस. तास संपेपर्यंत ग्रंथालयाच्या पायरीवर बसायचीस, मांडीवर कापडी पिशवी. मैत्रिणी चिडवायच्या, "काकू, हजेरी तुमचीच जास्त आहे, परीक्षेलाही बसा." एकदा चालताना मी पिशवी घ्यायला हात पुढे केला. जड होती. तू ती ओढून घेतलीस. "ऱ्हाऊ दे. तुले काय करनं शे? म्होरे देखीसन चाल."

हस्तलिखित वाचून मी त्या मुलीला फोनवर चांगलं झापलं. माझ्या आईने जन्मात कुणावर हात उचलला नाही, हे सगळं काढून टाक, असं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "काढते, मॅडम. फक्त एवढं सांगा, मग विळी होती कुठे?" मी फोन ठेवला. जन्मभर मुलांना पुरावा मागत आले, आणि हा साधा प्रश्न मला कधी पडला नाही. त्याला शिक्षा झाली त्या आठवड्यात विळी जागेवर परत आली होती आणि तू गवार मोडायच्या ऐवजी भेंडी चिरत बसली होतीस. तो शिक्षा भोगून आला, संसार केला. मागे बोदवड स्टेशनवर दिसला, नातवाला पाणी पाजत होता.

त्या मुलीने पुष्कळ खरं लिहिलं आहे. हल्ल्यातून वाचलेली बाई कुठल्याही खोलीत शिरली की आधी दुसरं दार शोधते, हे मी इतकी वर्षं करते आणि मला ठाऊक नव्हतं. चुकलं आहे ते शेवटचं प्रकरण. तिथे आई रडते, पदर पसरून क्षमा मागते. ती तू नाहीस.

काल धुळ्याला जाऊन तिच्या हातात हस्तलिखित दिलं आणि सही केलेलं परवानगीपत्र दिलं. क्षमेचं प्रकरण लाल शाईने खोडलं होतं. ती म्हणाली, "मग आईला काहीच वाटत नाही?"

"वाटतं. ती ते तुला सांगणार नाही."

तू गेलीस तिकडे पोचेल अशी पेटी नाही, हे पत्र कपाटातच राहील. बोदवडच्या त्या माणसासारखा माणूस मरतो ती पानं मी जशीच्या तशी परत केली. ती मी पुन्हा पुन्हा वाचली होती, एवढं मात्र तिला सांगितलं नाही.