काटा सेल खात नव्हता

प्रिय विजू,

तुला जाऊन वर्ष होत आलं. इतके दिवस तुला काही लिहावंसं वाटलं नाही. तुझ्याशी बोलायचं काही राहिलंय असं मला वाटतच नव्हतं. कॉलेजपासून आपण बोलतच तर आलो होतो! पण गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला, आणि आता तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारू, हे कळत नाही.

वर्षश्राद्धाला बोलावलं त्यांनी. म्हणाल्या, "भावजी, आमच्याकडे पानावर माणसाच्या आवडीचं सगळं वाढतात. वडे-मटण मी करीन. पण ती बाटली तुमच्या हातचीच लागणार. महिनाभर आधी सांगतेय, तुम्हाला वेळ लागतो ना तयार करायला?"

मी हो म्हणालो. तुझ्या पानाला नाही कसं म्हणणार?

म्हणून माळ्यावरून आपल्या घरच्या बिअरच्या सामानाचं ते खोकं काढलं. तुझ्या बाराव्याला वहिनींनीच ते माझ्या हातात दिलं होतं. मोठं पातेलं, नळी, बुचं बसवायचं यंत्र आणि आपला तो वजनाचा डिजिटल काटा. "हे तुमचं तुम्ही घेऊन जा," एवढंच म्हणाल्या होत्या. त्यांचा आवाज मला कोरडा वाटला होता. दुःखात माणूस तसं बोलतो, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

काटा पुसला. सेल मेलेलेच असणार म्हणून दुकानातून नवे घेऊन आलो होतो. सहज बटण दाबलं, तर लागला की! हिरवा उजेड, ठणठणीत शून्य. एक किलो साखरेची पुडी ठेवून बघितली, तर बरोबर एक किलो.

जवळजवळ वर्षभर बंद पडून होता तो, विजू. आणि तू काय सांगायचास? "मध्या, स्वस्तातला माल आणलास. बंद असला तरी सेल खातो हा. येताना सेल घेऊन ये." दर महिन्याला मी घाटकोपर स्टेशनबाहेरून सेल घेऊन मुलुंडला यायचो. दर महिन्याला!

तो काटा घ्यायची वेळ का आली, आठवतंय? बिअर बाटलीत भरताना प्रत्येकीत चिमूटभर साखर टाकायची असते, फेस धरण्यासाठी. तू ती मुठीने टाकलीस. मी म्हणालो, चमच्याने तरी मोज. तू म्हणालास, "दिवसभर साकीनाक्याच्या कारखान्यात मायक्रोमीटरने मोजत बसतो, घरी पण मोजू? गप रे." मग एका दुपारी तुमच्या ओट्याखाली एकामागून एक बाटल्या फुटल्या. शेजारचे शहाकाका सिलेंडर फुटला म्हणून जिन्यात ओरडत सुटले! त्यांना तू शांतपणे सांगितलंस, "आयुर्वेदिक काढा आहे काका, जरा उतू गेला." ओट्याखालून फेस वाहत होता आणि काका विचारत होते, "कशावर घेतात?"

किती हसलो होतो आपण. त्याच संध्याकाळी मी फोनवरून तो काटा मागवला, मिळाला त्यातला सगळ्यात स्वस्त.

तुला तो आवडणार नाही असं मला वाटलं होतं. पण तू तर त्याच्या प्रेमातच पडलास! वाटी ठेवायची, बटण दाबून शून्य करायचं, मग हॉप्सची ती कडू वाळकी फुलं एकेक करून टाकायची. मी आकडा वाचायचा आणि तू हात थांबवायचास. महिन्यातून एक रविवार, तू कारखान्यातून रजा घेऊन. बार्ली उकळायला लागली की सगळ्या घराला भिजवलेल्या बिस्किटासारखा वास यायचा. संध्याकाळी आधीच्या खेपेची एकेक बाटली उघडायची, एकेकच ग्लास. निघताना तू चार बाटल्या माझ्या पिशवीत घालायचास. माझ्या आयुष्यात दारू म्हणजे एवढीच होती, आणि तुझ्याही, असं मी समजून होतो.

काटा मात्र तू माझ्याकडे कधी ठेवू दिला नाहीस. "तुझ्या घरी धूळ फार. इथेच राहू दे." हॉप्सचं पाकीट लवकर संपायचं. मी विचारलं की म्हणायचास, "ओल लागली रे, फेकून दिलं." मी वर्तमानपत्रात आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्यांमधल्या चुका काढल्या. पण तुझ्यावर शंका घ्यायचं माझ्या डोक्यात आलं नाही. ते माझं चुकलं असं मी म्हणणार नाही. मित्रावर विश्वास ठेवायचा नाही, तर कुणावर ठेवायचा?

बंद काटा सेल खात नव्हता, म्हणजे माझ्यामागे तो वापरला जात होता. मग वहिनींना फोन लावला. म्हटलं, "वहिनी, एक विचारायचं होतं. आम्ही महिन्यातून एकदाच बनवायचो ना?"

"महिन्यातून कुठे भावजी? दर बुधवारी यायचात की तुम्ही."

बुधवारी. तुझ्या कारखान्याची सुट्टी, वहिनी शाळेत शिकवायला. मी त्या वेळी ऑफिसात, मान वर करायला फुरसत नसायची. बुधवारी मी तुझ्या घरी एकदाही आलेलो नाही, विजू!

मी म्हटलं, "मला तुम्ही कधी बघितलंत, वहिनी?"

"बघणार कशी? मी यायच्या आत तुम्ही गेलेले असायचात. हे म्हणायचे, मध्या आत्ताच गेला, जरा आधी आली असतीस तर भेटला असता. बेसिनमध्ये दोन ग्लास असायचे ना! मीच धुवायचे."

दोन ग्लास. तू एकटा बसून प्यायचास आणि माझ्या नावाने दुसरा ग्लास खरकटा करून ठेवायचास?

पुढचंही त्यांनीच सांगितलं, मी न विचारता. लिव्हर सुजलंय, आता थेंबही नको, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तू त्यांना म्हणालास, "मी नुसता सोबतीला बसतो गं. मध्याला लागते. त्याच्या नोकरीत टेन्शन फार. घरची नाही दिली तर कुठलीही पिईल." आणि मला? मला म्हणालास, "रिपोर्ट झकास आहेत, थोडं पित्त वाढलंय."

आता एकेक आठवायला लागलं. रविवारी मी आलो की वहिनी आधी पोळी-भाजी पुढे ठेवायच्या. "रिकाम्या पोटी बसू नका हं, भावजी." मला वाटायचं, काय आदरातिथ्य! माझ्या बायकोची, नीताची चौकशी करताना त्यांचा आवाज हळू व्हायचा. एकदा जिन्यापर्यंत माझ्यामागे आल्या आणि हातात एक पुडी कोंबली. "सकाळी मधातून घ्या. माझ्या मावसभावाची सुटली याने." मला तेव्हा खोकला होता. मावसभावाची खोकल्याची ढास सुटली असेल म्हणून मी ती पुडी मुकाट्याने घेतली, चांगली महिनाभर! तुला हे माहीत होतं का? माहीत असणार. हसला असशील. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असतं तर मीही हसलो असतो.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये वहिनी मला म्हणाल्या होत्या, "आता तरी पुरे करा ना, भावजी." मला वाटलं, मी फार जागरणं करतोय म्हणून काळजीने म्हणतायत. मी म्हटलं, "मला काही त्रास नाही, वहिनी." त्या माझ्याकडे कशा बघत राहिल्या होत्या! आत तू शुद्धीवर होतास. तीन दिवस होतास. मी तुझ्या उशाशी बसून तुला क्रिकेटचे स्कोअर सांगत होतो. त्यातलं एक मिनिट तुला मिळालं नाही?

तू प्यायचास याचा मला राग नाही. मला सांगितलं असतंस तर ते पातेलं मीच देवनारच्या कचऱ्यात नेऊन टाकलं असतं, आणि रविवारी आपण चहा प्यायलो असतो. तुझ्याशी भांडलो असतो, तुझा दंड धरून डॉक्टरकडे नेलं असतं. ते सगळं करायची संधी तू मला दिली नाहीस. वर माझं नाव वापरलंस. ज्या घरात मी चप्पल काढून हक्काने आत यायचो, त्या घरात तू मला दारुडा करून ठेवलंस, आणि मला पत्तासुद्धा नाही!

तरीही मी कदाचित गप्प बसलो असतो. मेलेल्या माणसाचं झाकून ठेवावं, असं आपल्यात म्हणतातच. माझ्या नावाचं काय, दोन-चार वर्षांत लोक विसरतात. पण फोन ठेवता ठेवता वहिनी म्हणाल्या, "राग मानू नका भावजी, पण मी मनात तुम्हाला खूप बोललेय. आणि खरं सांगू? तुमच्यापेक्षा स्वतःलाच जास्त. तुम्हाला एकदा दारातून परत पाठवायला हवं होतं मी. संकोच केला. पाहुण्याला कसं म्हणायचं, येऊ नका? तेवढं धैर्य केलं असतं तर हे आज असते."

"येतो मी वहिनी," म्हणून फोन ठेवला.

ऐकलंस ना? मी कधी आलोच नव्हतो, आणि त्या बाईला वाटतंय, मला आत घेतलं म्हणून नवरा गेला. वर्षभर रोज हेच वाटतंय. खोटं बोलून तू स्वतःला वाचवलं नाहीस, मला बुडवलंस, ते ठीक. पण तिच्यावर हे टाकून गेलास, ते मी कसं चालू देऊ?

म्हणून सांगतो, विजू. श्राद्धाची वाट न बघता येत्या रविवारी मी मुलुंडला जाणार आहे. वहिनींच्या समोर बसून सांगणार आहे की बुधवारी कुणी येत नव्हतं, आणि दारात अडवायला कुणी नव्हतंच. त्या विश्वास ठेवतील की नाही, माहीत नाही. दारुडा मेलेल्या मित्रावर ढकलतोय, असंही म्हणतील. म्हणू देत. तुझी बाजू मी मांडणार नाही, आणि होतं त्यापेक्षा काळं करूनही सांगणार नाही. "मग ते एकटे का प्यायचे?" असं त्यांनी विचारलं, तर मला माहीत नाही म्हणेन. ते तू मलाही सांगितलं नाहीस.

तुझ्या पानावर बाटली नसेल. ती मी बनवणार नाही, या वर्षी नाही आणि पुढेही नाही. पण वहिनींनी ये म्हटलं तर मी येईन, तुझ्या पानाला नमस्कार करीन आणि पंगतीत जेवून जाईन. नाही म्हटलं, तर त्या दारातून आयुष्यात पहिल्यांदा परत फिरेन, आणि त्यांना दोष देणार नाही.

तुझाच,
मध्या